परदेशी विद्यापीठाशी असलेल्या भागीदारीतून पीएचडीचा निधी मिळणार असेल, तर सही करण्यापूर्वी काय पाहावे?

पहिलेपान (प्रश्न)

नमस्कार. मला एका संयुक्त पीएचडी योजनेत निवड झाल्याचे पत्र आले आहे आणि उत्तर कळवायला तीन आठवड्यांची मुदत आहे. नोंदणी माझ्या देशातल्या विद्यापीठात होईल, मधला दीड वर्षाचा काळ परदेशातल्या यजमान विद्यापीठात काढायचा आहे आणि दोन्हीकडे एकेक मार्गदर्शक असतील. खर्चाची वाटणी पत्रात अशी दिली आहे: विद्यावेतन आणि विमानभाडे माझ्या देशाची सरकारी शिष्यवृत्ती संस्था देणार, यजमान विद्यापीठ शिक्षणशुल्क माफ करणार आणि प्रयोगशाळेचा खर्च तिथल्या मार्गदर्शकांच्या प्रकल्पातून भागणार. विद्यावेतन ३६ महिन्यांचे आहे, मात्र त्याच पत्रात पीएचडीचा कालावधी ‘सर्वसाधारणपणे चार वर्षे’ असा लिहिला आहे.

पत्र जेमतेम दीड पानाचे आहे. त्याच्या शेवटी ‘वरील सर्व सवलती दोन्ही संस्थांमधील कराराच्या अधीन राहतील’ असे वाक्य आहे आणि तो करार मला कोणी दाखवलेला नाही. कार्यालयात विचारले तेव्हा करार संस्थांमधला आहे, विद्यार्थ्यांनी त्याची काळजी करू नये, असे अगदी सौजन्याने सांगण्यात आले. ज्या कागदावर माझी पुढची चार वर्षे अवलंबून आहेत तो पाहायला मागणे हा आगाऊपणा ठरेल का, हा माझा पहिला प्रश्न. मागायचाच झाला तर त्यात नेमके काय शोधायचे, हा दुसरा. आणि शेवटी पदवी एक मिळते की दोन, यावर रोज नवे मत कानावर पडते, तेव्हा हा मार्ग ज्यांनी प्रत्यक्ष पाहिला आहे त्यांनी कृपया सांगावे.

कागदवाचक

अभिनंदन. मी एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य कक्षात बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने उत्तर देतो. करार मागणे हा आगाऊपणा नाही. तुम्हाला मिळाले ते उत्तर मीही अनेकांना दिलेले आहे आणि बहुतेक वेळा त्याचे खरे कारण एवढेच असे, की फाइल शोधून काढायला कोणाला सवड नसे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या की असे करार साधारणपणे दोन पातळ्यांवर होतात. पहिला सामंजस्य करार. तो कुलगुरूंच्या पातळीवर होतो, सह्या करतानाचे छायाचित्र निघते, त्यात ‘संशोधन सहकार्य वृद्धिंगत करणे’ अशी भाषा असते आणि पैसे देण्याचे बंधन सहसा कोणावरच नसते. दुसरा करार तुमच्या नावाचा आणि तुमच्या प्रबंधाच्या विषयाचा असतो, किंवा असायला हवा. पत्रातले ‘कराराच्या अधीन’ हे शब्द यांपैकी कोणत्या कराराला उद्देशून आहेत, हे सर्वांत आधी विचारा. फक्त पहिलाच अस्तित्वात असेल, तर तुमच्या सवलतींना आधार म्हणून तेवढे दीड पानच आहे असे समजा.

दुसऱ्या प्रकारच्या कराराचा चांगला नमुना फ्रान्समध्ये सापडतो. तिथे दोन देशांच्या संयुक्त मार्गदर्शनाखाली होणाऱ्या पीएचडीला ‘कोट्युटेल’ म्हणतात आणि डॉक्टरेटविषयीच्या २५ मे २०१६ च्या शासकीय आदेशात तिचे नियम आहेत. विद्यापीठांमध्ये सर्व विद्यार्थ्यांसाठी मिळून एक सर्वसाधारण चौकट करार असला तरी प्रत्येक प्रबंधासाठी वेगळा करार करावा लागतो आणि त्यावर मार्गदर्शकांच्या बरोबरीने विद्यार्थ्याचीही सही असते. शुल्क कोठे भरायचे, सामाजिक सुरक्षेचा भार कोणावर, निवासाची आणि आर्थिक साहाय्याची व्यवस्था काय, प्रबंध कोणत्या भाषेत लिहायचा, परीक्षक मंडळ कसे बनेल, हे सगळे त्यात लिहावे लागते. एकाच वेळी दोन्ही विद्यापीठांचे शुल्क भरायची सक्ती विद्यार्थ्यावर करता येत नाही. तुमची योजना फ्रान्सशी संबंधित नसेल, तरी ही यादी प्रश्नपत्रिका म्हणून समोर ठेवा आणि तुमच्या कागदात कोणता रकाना कोरा आहे ते पाहा.

पैसा नेमका कोणत्या नात्याने मिळणार आहे, याकडेही नीट लक्ष द्या. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये किमान तीन देशांतल्या संस्था एकत्र येतात आणि संशोधकाला रीतसर नोकरीवर घेतात, म्हणजे पगार, विमा, सामाजिक सुरक्षा हे सगळे कायद्याने ओघानेच येते. तिथेही एक गफलत नेहमी होते. २०२१ साली सुरू झालेल्या होरायझन युरोप या युरोपीय संघाच्या संशोधन निधी कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या वर्षांत निर्वाह भत्त्याचा आकडा दरमहा ३४०० युरो असा छापलेला असे आणि उमेदवार तो हातात पडणारा पगार समजत. प्रत्यक्षात तो मालकाचा एकूण खर्च असतो. त्याला आधी त्या देशातल्या राहणीमानाच्या खर्चानुसार ठरलेला गुणक लागतो, मग मालकाचा सामाजिक सुरक्षेचा वाटा जातो, मग तुमचा कर, आणि जे उरते ते खात्यात येते. त्याच योजनेत, भरतीच्या आधीच्या ३६ महिन्यांपैकी १२ पेक्षा जास्त महिने यजमान देशात काढलेला उमेदवार अपात्र ठरतो. अर्ज भरून झाल्यावर हे लक्षात आलेले लोक मी पाहिले आहेत.

तुमची योजना वेगळ्या घाटाची आहे: एक सरकार विद्यावेतन देते आणि दुसऱ्या देशातले विद्यापीठ शुल्क सोडते. चीनची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परिषद अनेक परदेशी विद्यापीठांबरोबर याच पद्धतीने काम करते. इथे तुम्ही कोणाचेच कर्मचारी नसता. म्हणून ‘शुल्कमाफी’ या शब्दाची फोड करून घ्या. शिक्षणशुल्क माफ झाले म्हणजे नोंदणी शुल्क, प्रयोगशाळा वापराचे शुल्क, प्रबंध सादर करण्याचे शुल्क आणि आरोग्य विमा हेही माफ झाले असे होत नाही. विमा तर विशेषेकरून विचारा, कारण नोकरदाराच्या पगारातून तो आपोआप कापला जातो, शिष्यवृत्तीधारकाला मात्र अनेक देशांत तो स्वतः काढावा लागतो.

अर्धाप्रवास

मी अशाच व्यवस्थेतून पीएचडी पूर्ण केली आहे. कागदवाचक यांनी कराराबद्दल लिहिले ते योग्यच आहे, पण माझा सगळ्यात वाईट काळ कराराच्या एका अशा ओळीमुळे आला जी वाचूनही मला तिचा अर्थ कळला नव्हता. ती ओळ अशी होती: ‘पुढील हप्ता दोन्ही मार्गदर्शकांच्या समाधानकारक प्रगती अहवालानंतर वितरित केला जाईल.’ वाचायला किती निरुपद्रवी वाटते.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मी यजमान विद्यापीठात होतो. तिथल्या मार्गदर्शकांनी अहवालावर लगेच सही केली. मूळ विद्यापीठातले मार्गदर्शक त्याच सुमारास दीर्घ रजेवर गेले होते आणि त्यांच्या जागी सही करण्याचा अधिकार कोणाला, हे विभागात कोणालाच माहीत नव्हते. शिष्यवृत्ती संस्थेच्या संकेतस्थळावर माझ्या नावापुढे ‘एक अहवाल प्रलंबित’ असा पिवळा शेरा दिसत असे. मी रोज सकाळी प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी तो पाहायचो. अकरा आठवडे तो पिवळाच राहिला. त्याच काळात माझ्या निवास परवान्याचे नूतनीकरण आले आणि परवाना कार्यालयाला मागील तीन महिन्यांचे बँक विवरण हवे होते, ज्यात नेमके विद्यावेतन नव्हते. शिष्यवृत्ती मंजूर असल्याचे पत्र मी दाखवले, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी शांतपणे सांगितले की मंजुरी आणि जमा रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटी यजमान मार्गदर्शकांनी त्यांच्या प्रकल्पातून मला दोन महिन्यांचे साहाय्यक म्हणून काम दिले आणि परवाना मिळाला. तसे काम करायला माझ्या शिष्यवृत्तीच्या अटींमध्ये परवानगी होती, हे माझे नशीब. पुष्कळ शिष्यवृत्त्यांमध्ये ती नसते.

म्हणून पैसे कोण देणार याच्याइतकेच, ते कोणाच्या सहीने सुटणार हे विचारा. ती व्यक्ती रजेवर गेली, निवृत्त झाली किंवा दुसऱ्या विद्यापीठात गेली तर सही कोण करील, तेही विचारा. मार्गदर्शक विद्यापीठ बदलतात, आणि प्रयोगशाळेचा खर्च त्यांच्या प्रकल्पातून असेल तर तो प्रकल्पही बहुधा त्यांच्याबरोबर निघतो.

तुमचे ३६ महिने आणि चार वर्षे हे गणित मीही असेच सोडून दिले होते. संयुक्त पीएचडीत वेळ एरवीपेक्षा जास्त लागतो, कमी नाही. दोन विद्यापीठांची शैक्षणिक वर्षे वेगळ्या महिन्यांत सुरू होतात, संशोधन नैतिकता समितीची मंजुरी दोन्हीकडे घ्यावी लागते आणि जैविक नमुने सीमेपलीकडे न्यायचे असतील तर जनुकीय संसाधनांच्या वापराविषयीच्या, २०१४ पासून लागू असलेल्या नागोया प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय कराराखालची कागदपत्रेही काही देशांत लागतात. माझे नमुने सात आठवडे शीतपेटीतच बसून होते आणि त्या सात आठवड्यांचे विद्यावेतन त्या ३६ महिन्यांतूनच गेले. शेवटचे आठ महिने मी शिकवण्या घेऊन प्रबंध लिहिला.

पहिलेपान

दोघांचेही मनापासून आभार. आज मी लेखी विनंती केली आणि संध्याकाळी चौकट करार आला. तो नऊ पानांचा आहे आणि माझ्या नावाचा वेगळा करार ‘आगमनानंतर तीन महिन्यांत’ करायचा आहे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे मी आधी तिथे पोहोचणार आणि अटी नंतर ठरणार. शुल्कमाफी ‘निधीच्या उपलब्धतेनुसार वर्षागणिक’ दिली जाईल असेही एक कलम आहे. शिवाय माझ्या देशाच्या शिष्यवृत्ती संस्थेचे हमीपत्र आहे: पदवीनंतर दोन वर्षे मायदेशी काम करायचे, अन्यथा संपूर्ण रक्कम परत करायची, आणि त्यासाठी दोन जामीनदार द्यायचे. हे सगळे वाचून, आपण फार संशय तर घेत नाही ना, असेही वाटू लागले आहे.

जुना मार्गदर्शक

मी दोन्ही बाजूंनी मिळून सहा-सात संयुक्त प्रबंधांचे मार्गदर्शन केले आहे. वरचे सल्ले चांगले आहेत, पण ते वाचून असे वाटू नये की पुरेसे बारकाईने वाचले तर सगळी अनिश्चितता नाहीशी होते. ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ हे शब्द तुम्हाला जवळजवळ प्रत्येक करारात दिसतील. ते काढून टाका असे सांगण्याची ताकद विद्यार्थ्यात नसते आणि खरे सांगायचे तर विद्यापीठातही नसते, कारण मूळ पैसा सरकारचा असतो. ब्रिटनने २०२१ मध्ये परदेशी विकाससाहाय्य राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणले, तेव्हा त्यांच्या संशोधन परिषदेपुढे आधीच दिलेली वचने आणि हाती असलेला पैसा यांत १२ कोटी पौंडांची तफावत उभी राहिली आणि चालू असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पांचे अंदाजपत्रक कापावे लागले. त्या प्रकल्पांचे करार कच्चे होते असे कोणी म्हणणार नाही.

म्हणून मी कलम काढायला सांगण्याऐवजी वेगळी मागणी करायला सांगतो. एखाद्या वर्षी माफी मिळाली नाही, तर तोवर नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांचे काय, एवढे विचारा. ‘नवीन प्रवेश थांबवले जातील, मात्र नोंदणीकृत विद्यार्थ्यांना पूर्ण कालावधीपर्यंत सवलत मिळेल’ हे वाक्य घालायला यजमान विद्यापीठाला फारसे जड जात नाही, आणि चांगली विद्यापीठे ते घालतात. नावाचा करार आगमनानंतर होणे हे मात्र मला पटत नाही. तुम्ही तिथे पोहोचल्यावर घर घेतलेले असते, परतीचे तिकीट हाती नसते आणि कोणतीही अट मान्य करण्यावाचून गत्यंतर नसते. मसुदा तरी प्रस्थानापूर्वी मागा. तो तयार करायला मार्गदर्शकांना अर्धा दिवस लागतो. आम्ही आळस करतो, एवढेच.

हमीपत्राबद्दल माझे मत बहुधा इथे एकट्याचे असेल. सरकार पैसे देते तेव्हा परतीची अट घालते, हे जगभर चालते. चीनच्या परिषदेचीही दोन वर्षांची अट आहे आणि अमेरिकेत सरकारी निधीवर जे-१ या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या व्हिसाने गेलेल्यांना तिथे स्थलांतरित म्हणून किंवा ठरावीक कामाच्या व्हिसांवर परतायचे असेल, तर आधी दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. मला ती अट अन्यायाची वाटत नाही. मात्र ती कोणत्या तारखेपासून मोजली जाते, पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, स्थगिती मिळते का आणि पीएचडी अर्धवट राहिली तर परतफेड पूर्ण की प्रमाणात, ही तीन उत्तरे लेखी घ्या. जामीनदार होणाऱ्यांनाही ती दाखवा, कारण वेळ आली तर नोटीस त्यांच्या दारी जाते.

आणखी एक गोष्ट. भागीदारीकडे फक्त पैशाचा नळ म्हणून पाहू नका. स्वीडनच्या सिडा या सरकारी विकाससाहाय्य संस्थेने युगांडाच्या माकेरेरे विद्यापीठाबरोबर २००० पासून चालवलेला कार्यक्रम पाहा. विद्यार्थी काही महिने स्वीडनमध्ये आणि उरलेला काळ आपल्या विद्यापीठात काम करत, म्हणून त्या पद्धतीला ‘सँडविच’ म्हणतात. त्यामुळे संशोधक आपल्या विभागाचा सदस्य राहिला आणि प्रश्नही आपल्याच परिसरातले घेऊ शकला. नैरोबीच्या इसिपे या कीटकविज्ञान संशोधन संस्थेमार्फत चालणाऱ्या आफ्रिकी देशांच्या शिष्यवृत्ती निधीतही विद्यार्थी आफ्रिकेतल्याच विद्यापीठात नोंदणी करतो आणि काही काळ परदेशी भागीदाराकडे जातो. तुमची योजना याच वळणाची दिसते. यजमान विद्यापीठातले दीड वर्ष तुम्ही कोणत्या उपकरणासाठी, कोणत्या तंत्रासाठी खर्च करणार आहात, हे आत्ताच एका पानावर लिहून दोन्ही मार्गदर्शकांकडून मान्य करून घ्या. तो कागद नसेल तर तिथे गेल्यावर तुम्ही त्यांच्या प्रकल्पाचे काम करता आणि परत आल्यावर स्वतःच्या प्रबंधाला सुरुवात करता. असे माझ्या दोन विद्यार्थ्यांचे झाले आहे आणि त्यातला निम्मा दोष माझा होता.

एकपदवी

पदवीच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. तीन प्रकार आहेत आणि माहितीपत्रकांत तिन्हींना बिनदिक्कत ‘संयुक्त’ म्हणतात. पहिल्यात दोन्ही विद्यापीठे मिळून एकच प्रमाणपत्र देतात. आयआयटी मुंबई आणि मोनाश विद्यापीठ यांच्या २००८ मध्ये सुरू झालेल्या संशोधन अकादमीत पदवीवर दोघांची नावे असतात. दुसऱ्यात एकाच प्रबंधावर दोन विद्यापीठे आपापले प्रमाणपत्र देतात आणि ते संयुक्त मार्गदर्शनाखाली झाल्याची नोंद त्यांवर असते. ती नोंद महत्त्वाची आहे, कारण ती नसेल तर दोन स्वतंत्र पीएचडी केल्याचा गैरसमज होतो. तिसऱ्यात पदवी एकाच विद्यापीठाची असते आणि दुसरीकडे तुम्ही फक्त संशोधनासाठी राहता. ब्रिटनमधल्या राष्ट्रकुल शिष्यवृत्ती आयोगाची स्प्लिट-साइट शिष्यवृत्ती या प्रकारची आहे. तिच्यात ब्रिटनमध्ये जास्तीत जास्त १२ महिने काढायला मिळतात आणि पदवी मायदेशाच्या विद्यापीठाची असते. मी तीच केली. मला तिचा पश्चात्ताप नाही, पण मुलाखतीत मला दर वेळी ते समजावून सांगावे लागते.

तुम्ही फक्त एकाच ठिकाणी नोंदणी होणार असे लिहिले आहे, त्यावरून तुमची योजना तिसऱ्या प्रकारची वाटते, मग माहितीपत्रकात काहीही छापलेले असो. यजमान विद्यापीठात तुमचा दर्जा ‘विद्यार्थी’ असेल की ‘अभ्यागत संशोधक’, हे विचारा. ग्रंथालय, वसतिगृह, व्हिसाचा प्रकार आणि जोडीदाराला बरोबर नेता येईल का, हे सगळे त्या एका शब्दावर ठरते. शुल्कमाफीचाही अर्थ त्यावरच आहे. अभ्यागताला मुळात शिक्षणशुल्क अनेक ठिकाणी नसतेच, तेव्हा जे लागूच नव्हते ते माफ केल्याचे पत्र तुमच्या हातात पडेल.

कागदवाचक

शेवटचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. आमच्या कक्षानेही अशी माफीची पत्रे दिलेली आहेत. भागीदार संस्थेला ‘आमचे योगदान’ म्हणून तो आकडा दाखवता येतो. म्हणून दर्जा विचाराल तेव्हा त्याच पत्रात, माफ होणारी रक्कम कोणत्या शुल्काची आणि किती, असा थेट आकडा मागा.

पहिलेपान

मुदत संपायला चार दिवस आहेत, म्हणून काय झाले ते कळवते. यजमान विद्यापीठाने मान्य केले की माझा दर्जा ‘अभ्यागत संशोधक’ असेल आणि पदवी एकच मिळेल. शुल्कमाफीचा आकडा विचारल्यावर दोन दिवस उत्तर आले नाही. मग जे आले त्यात शिक्षणशुल्काचा उल्लेखच नव्हता, प्रयोगशाळा वापराचे शुल्क मात्र पूर्ण माफ केल्याचे लिहिले होते, आणि ते खरोखर मोठे आहे. नोंदणीकृत विद्यार्थ्यांबाबतचे वाक्य त्यांनी कोणतीही खळखळ न करता घातले. प्रगती अहवालावर मूळ विद्यापीठाच्या मार्गदर्शकांच्या गैरहजेरीत विभागप्रमुख सही करतील, असे आमच्या विभागाने कळवले आहे. विद्यावेतनाला सहा महिन्यांची मुदतवाढ ‘विचारात घेतली जाऊ शकते’ असे शिष्यवृत्ती संस्था म्हणते. अर्धाप्रवास यांचे आठ महिने आठवून मी त्या वाक्यावर विसंबणार नाही. लेखनाचे शेवटचे वर्ष मायदेशी काढायचे आणि त्यासाठी विभागातल्या अध्यापन साहाय्यकपदाचा अर्ज तिसऱ्या वर्षीच करायचा, असे ठरवले आहे.

माझ्या नावाच्या कराराचा मसुदा काल रात्री आला. तो चार पानांचा आहे आणि आरोग्य विम्याचा रकाना त्यात कोरा आहे. तो भरून येईपर्यंत सही थांबवली आहे.